वार ठरवा, मेनू आपोआप ठरतो

(या भागाचं लेखी रूप. ज्यांना ऐकायला वेळ झाला नाही, त्यांच्यासाठी. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

तुमच्यापैकी निम्मे तरी आत्ता ऑफिसमधून घरी निघाले असणार. कुणी लोकलमध्ये, कुणी पीएमटीत, कुणी सिग्नलला हेल्मेट घालून. आणि डोक्यात एकच प्रश्न फिरत असणार : आज रात्री जेवायला काय करायचं?

आजचा भाग या एका प्रश्नावर आहे. तो दिसतो साधा, पण संध्याकाळी सात वाजता तो खूप जड असतो. दिवसभर काम झालेलं असतं, मुलाला पाळणाघरातून आणायचं असतं, उद्याचा डबा डोक्यात असतो. अशा वेळी फ्रीज उघडून उभं राहिलं की समोर अर्धा कोबी, सुकलेली मेथी आणि तीन अंडी. मग पाच मिनिटं विचार, दहा मिनिटं ‘तू सांग, तू सांग’, आणि शेवटी मोबाइल उघडून ऑर्डर.

माझं म्हणणं असं आहे, की आपल्याला स्वयंपाकाचा कंटाळा कमी येतो आणि रोज ठरवण्याचा जास्त येतो. खिचडी लावायला पंचवीस मिनिटं लागतात. ‘खिचडी लावू या’ हे ठरायला कधी कधी त्याहून जास्त वेळ जातो. म्हणून आज रेसिपी सांगणार नाहीये, ठरवायचं कसं ते सांगणार आहे.

युक्ती आपल्याच घरातली आहे. आपल्याकडे वार ठरलेले असतातच की नाही? बऱ्याच घरांत सोमवार, गुरुवार, शनिवार शाकाहारी. बुधवार, शुक्रवार, रविवार मासे-मटणाचे. कुणी कधी रोज उठून विचारतं का, ‘आज गुरुवार आहे, चिकन आणू का?’ नाही विचारत. वार उत्तर देतो. मी म्हणतो, हीच पद्धत पुढे न्या. पदार्थ ठरवू नका, प्रत्येक वाराचा प्रकार ठरवा.

आमच्या घरचं वेळापत्रक सांगतो. तुमचं वेगळं असेल, असायलाच हवं.

सोमवार डाळ-तांदळाचा. खिचडी, मसालेभात, नाहीतर साधं वरण-भात, तूप, लिंबू. मंगळवार उसळीचा. मटकी, मूग, चवळी, मसूर, जे असेल ते. बुधवार अंड्यांचा. करी किंवा भुर्जी. अंडं न खाणाऱ्यांनी पनीर घ्या. गुरुवार पिठाचा. पिठलं, थालीपीठ, धिरडी, वरणफळं. आणि शुक्रवार उरल्यासुरल्याचा. फोडणीचा भात, फोडणीची पोळी, नाहीतर फ्रीजमधल्या सगळ्या भाज्या उकडून पावभाजी. शनिवार-रविवार मोकळे. हौस, पाहुणे, बाहेर जाणं, सगळं तेव्हा.

आता बघा फरक काय पडतो. मंगळवारी संध्याकाळी प्रश्न ‘काय करायचं’ असा राहत नाही. प्रश्न उरतो ‘कुठली उसळ?’ एवढाच. आणि त्याचं उत्तर आठ वर्षांचं पोरगंसुद्धा देऊ शकतं.

दुसरी गोष्ट, वेळ नेमका कुठे जातो ते पाहा. भाजीत फार जात नाही, पोळीत जातो. चार माणसांच्या दहा-बारा पोळ्या म्हणजे कणिक मळण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत पाऊण तास गेलाच. म्हणून आठवड्याच्या पाच रात्री पाचही दिवस पोळी नको. सोमवारी भात आहे. मंगळवारी उसळीबरोबर पाव चालतो. गुरुवारी पिठल्याबरोबर गरम भात, आणि थालीपीठ-धिरडी असतील तर पोळीचा प्रश्नच नाही. शुक्रवारी उरलेलंच. म्हणजे पोळी फक्त बुधवारी उरली. ती कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणली, किंवा पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना सांगितली, तर काही बिघडत नाही.

तिसरी गोष्ट भाजी. रविवारी मंडईतून आठवड्याची भाजी एकदम आणता ना? मग ती खाण्याचा क्रमही ठरवून टाका. जे लवकर खराब होतं, ते आधी. मेथी, पालक सोमवार-मंगळवारी संपवा. सोमवारच्या खिचडीत पालक, मंगळवारी उसळीबरोबर मेथी परतून. भेंडी, गवार, वांगी मधल्या दिवसांत. कोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा शुक्रवारसाठी, ते टिकतात. पालेभाजी निवडून, न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि करायच्या वेळी धुवा. भाजी सडून टाकून देणं म्हणजे पैसेच टाकून देणं.

पैशांचा विषय निघालाच आहे तर एक काम करा. हा भाग संपला की जेवण मागवायचं तुमचं ॲप उघडा, मागच्या महिन्याच्या ऑर्डर बघा, आणि फक्त सोमवार ते शुक्रवारच्या रात्रींची बेरीज करा. जेवणाची किंमत, पॅकिंग, डिलिव्हरी, सगळं धरून. मी आकडा सांगत नाही, तुमचा आकडा तुम्हीच बघा. त्यातल्या किती ऑर्डर खरंच खावंसं वाटलं म्हणून होत्या, आणि किती ‘काही सुचलं नाही’ म्हणून? हौसेची ऑर्डर जरूर करा. न सुचल्याची ऑर्डर मात्र महाग पडते, आणि पोरांच्या पोटात आठवड्यातून तीनदा तेच नूडल्स जातात.

याउलट पिठल्याचा हिशेब करा. एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, एक कांदा, दोन मिरच्या, फोडणी. पंधरा मिनिटं. खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ. मूगडाळ, मसूरडाळ भिजवायची आठवण राहिली नाही तरी शिजते, म्हणून या दोन डाळी घरात कायम हव्यात. कुकरला शिट्ट्या होऊन तो निवेपर्यंत काकडीची कोशिंबीर होते, पापड भाजून होतो.

आता रविवारची तयारी. घाबरू नका, अख्खा रविवार ओट्यापाशी घालवायचा नाहीये. पाऊण तास पुरतो. शनिवारी रात्री मटकी भिजत घाला. रविवारी सकाळी उपसून कापडात बांधा, सोमवारपर्यंत मोड येतात. थंडीत थोडा जास्त वेळ लागतो. मोड आले की डब्यात घालून फ्रीजमध्ये. रविवारी कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण भाजून घट्ट वाटण करा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला लावा. मंगळवारी उसळीत दोन खडे, बुधवारी अंडा करीत तीन खडे. लसूण सोलायचं काम टीव्ही बघता बघता होतं. झाली तयारी.

कुणी म्हणेल, ‘रोज ताजं खायची सवय आहे आमच्याकडे.’ बरोबर आहे. पण जेवण ताजंच होतंय ना? फोडणी त्या दिवशीचीच आहे, उसळ त्या दिवशीचीच आहे. आधी झालंय ते निवडणं, भिजवणं, वाटणं. आपल्या आज्या वर्षाची भाजणी, मसाले, सांडगे करून ठेवायच्या, ते दुसरं काय होतं? फक्त एक काळजी घ्या : उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. निवला की तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून खायचा.

मुलं लहान असतील तर वेगळा स्वयंपाक करत बसू नका. तिखट घालायच्या आधी त्यांचा वाटा बाजूला काढा. आणि जमेल तिथे एकदा उकडा, दोनदा वापरा. मसुराऐवजी मंगळवारी छोले केले, तर दोन मुठी उकडलेले चणे बाजूला ठेवा. बुधवारच्या डब्यात कांदा-टोमॅटो-लिंबू घालून चाट होतं.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न घरात कोण कुणाला विचारतं, ते एकदा बघा. बहुतेक घरांत सगळे मिळून एकाच बाईला विचारतात. ती नोकरी करत असली तरी. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात दिवसभरात घरकामात भाग घेणाऱ्या बायका होत्या शंभरातल्या ८१, आणि पुरुष २६. वेळ किती? घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी २९९ मिनिटं. करणाऱ्या पुरुषांचा, जे करतात त्यांचाच फक्त, ९७ मिनिटं. आणि यात डोक्यात चालणारं काम कुणी मोजलेलं नाही. डाळ संपत आलीय, मेथी आजच करायला हवी, उद्या पोराच्या शाळेत डब्यात फळ सांगितलंय.

म्हणून हे वेळापत्रक कुणाच्या डोक्यात ठेवू नका. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रीजवर लावा. खाली दुसरी यादी : काय संपलं. ज्याच्या हातून डबा रिकामा झाला, त्याने लिहायचं. आणि एकच नियम : जो आधी घरी येईल, त्याने कुकर लावायचा. आज सोमवार आहे हे त्याला माहीत आहे, डाळ-तांदूळ कुठे आहेत हे माहीत आहे, मग ‘तू आल्यावर सांग काय करू’ म्हणायला जागाच उरत नाही. पुरुष मंडळींनो, ‘मी मदत करतो’ म्हणणं सोपं आहे. पण सांगितल्यावर केलेल्या मदतीत सांगण्याचं काम तिच्याकडेच राहतं. गुरुवार पूर्ण तुमचा घ्या. पीठ संपलंय का हे बघण्यापासून कढई घासण्यापर्यंत.

आणि जे अजून आई-बाबांकडे राहतात, कॉलेजात आहेत, नोकरीला नुकते लागलेत, त्यांच्यासाठीही हेच. आई ऑफिसमधून येईपर्यंत मोबाइल बघत बसलेले असता ना? एक वार मागून घ्या. ‘आई, मंगळवार माझा.’ पहिल्या उसळीत मीठ कमी पडेल, पडू दे.

एखाद्या आठवड्यात वेळापत्रक मोडेल. मूल आजारी पडेल, ट्रेन बंद पडेल, मीटिंग लांबेल. तेव्हा दही-भात खा, ब्रेड-आम्लेट खा, नाहीतर खुशाल ऑर्डर करा. वेळापत्रक आपल्या सोयीसाठी आहे.

या रविवारी घरातल्या सगळ्यांना दहा मिनिटं एकत्र बसवा आणि पाच वार वाटून घ्या. तुमच्या घरी कुठल्या वाराला काय ठरलं, ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. खासकरून पिठाच्या वाराच्या कल्पना हव्या आहेत, आमच्याकडे थालीपिठावर थालीपीठ चाललंय.

पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या, आणि वेळेवर जेवा!