काकांचे रिव्हॉल्व्हर आणि त्याचे मोल

बैलाची किंमत कशी करावी हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. दात पाहिले, चाल पाहिली की आकडा आपोआप ओठावर येतो. पण समजा, टेंभुर्णीतल्या एखाद्या घरात काकांच्या कपाटात जुने रिव्हॉल्व्हर आहे. काका आता थकले. पुतण्याला म्हणतात, "अरे, तूच घे. घरातली वस्तू घरात राहील. काय द्यायचं ते दे."

हे "काय द्यायचं ते दे" मोठे अवघड बरे का! आज पुतण्याने संकोचाने थोडे दिले, तर उद्या चुलतभाऊ म्हणणार, फुकटात नेले.

पण भावाच्या आधी कागद पाहा. काकांचा परवाना चालू आहे का? त्यावरचा बोअर आणि क्रमांक शस्त्रावरच्या क्रमांकाशी जुळतो का? बोअर निषिद्ध वर्गातला असेल तर साध्या परवान्यावर ते घेताच येत नाही. मग किंमत कसली करता? पुतण्याजवळही स्वतःचा परवाना हवा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे, काकांनी विक्रीचा विचार आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याला लेखी कळवायचे, आणि त्यानंतर निदान ४५ दिवस थांबायचे. नात्यातला व्यवहार म्हणून यात सूट नाही. परवान्याविना शस्त्र जवळ सापडले, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा दोन ते पाच वर्षांची आहे.

आता वस्तूकडे वळू. "रिकामंच आहे" या शब्दावर कधी विश्वासू नका. नळी जमिनीकडे, बोट चापापासून दूर, आणि काकांनीच ते उघडून दाखवायचे. मग उजेडात नळीतून पाहावे. आतले पीळ स्पष्ट दिसतात, की गंजाने खड्डे पडलेत? घोडा मागे ओढला की काडतुसांचे चक्र नेमके नळीसमोर येऊन घट्ट बसते, की हलते? हलत असेल तर ते चालवायचे नाही, आणि किंमतही तशीच उतरवायची. वरचा काळा-निळा मुलामा थोडा उडालेला असला तरी चालेल. मात्र किंमत वाढेल म्हणून कोणी पॉलिश कागदाने घासून चकाकवले असेल, तर वाढायची ती घटली असे समजा. आमच्याकडे पितळी समईचेही असेच करतात!

पुष्कळांना वाटते, जुने म्हणजे स्वस्त. इथे तसे नाही. १९८० नंतरच्या दशकात सामान्य नागरिकांसाठी परदेशी शस्त्रांची आयात जवळजवळ थांबली. त्यामुळे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटचे .३२ बोअरचे चांगले राखलेले रिव्हॉल्व्हर विलायतेत मिळेल त्यापेक्षा आपल्याकडे अधिक मोलाचे ठरू शकते. तुलनेला सरकारी कारखान्याचे नवे .३२ धरावे, कानपूरचे 'निर्भीक' २०१४ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. उलट, ज्याची काडतुसे मिळत नाहीत ते कितीही देखणे असो, ते कपाटातलेच. गिऱ्हाईक परवानेवाल्यांतलेच असते, तेही थोडे. म्हणून ऐकीव आकड्यावर जाऊ नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्यांपैकी दोघांकडून लेखी अंदाज घ्यावा. शस्त्र तिथे नेताना काकांनी स्वतः, आपल्या परवान्यासह न्यावे. दोन अंदाजांच्या मधला आकडा काकांसमोर ठेवावा. त्यांना कमी घ्यायचे असेल तर त्यांनी खुशीने घ्यावे, पण मूळ आकडा कागदावर राहू द्यावा.

आणि हे रिव्हॉल्व्हर मुळात आजोबांचे असेल, तर गोष्ट निराळी. ते एकट्या काकांचे नव्हे. आत्याचाही त्यात हक्क आहे. लग्न होऊन ती भोकरदनला गेली म्हणून तो हक्क गेला नाही. वारसाने शस्त्र नावावर करताना इतर वारसांची संमती मागितली जाते, ती याचसाठी. तेव्हा पुतण्याने पहिली चिठ्ठी विक्रेत्याला नव्हे, आत्याला लिहावी, आणि तिचे उत्तर आल्यावरच आकड्याची गोष्ट काढावी.