आंब्याचं पाणी तोडण्याचे दिवस

तुळशीचं लग्न लागलं. बोर, आवळा, चिंच, ऊस सगळं त्या मांडवात येऊन गेलं. परसातल्या फळझाडांचं वर्ष तिथून कूस बदलतं. धार काय, देवास काय, आपण माळव्याच्या पठारावर साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर राहतो. या दिवसांत दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे गोधडी सोडवत नाही. झाडांना हा फरक आपल्याआधी कळतो.

आज मी जास्त आंब्याबद्दलच बोलणार आहे. परसातल्या आंब्यावर आपण सगळ्यात जास्त माया करतो आणि नेमकी याच दिवसांत ती त्याला नडते. कार्तिक-मार्गशीर्षात जून झालेल्या फांद्यांच्या टोकाला मोहराची तयारी चाललेली असते. रात्री गार आणि माती कोरडी असली तर डोळ्यातून मोहर येतो. पाणी आणि खत मिळत राहिलं तर त्याच डोळ्यातून तांबूस पालवी फुटते. आमच्या घरी हेच होत होतं. मोरीचं पाणी पाटाने आंब्याच्या आळ्यात सोडलेलं, झाड हिरवंगार, आणि तीन वर्षं मोहर जेमतेम. मी खत बदललं, फवारणी केली. शेवटी पाट केळीकडे वळवला, दिवाळीनंतर आळं कोरडं ठेवलं, आणि माघात झाड मोहरलं. ती तीन वर्षं माझ्या हाताने गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. पाणी पुन्हा सुरू करायचं ते कैरी वाटाण्याएवढी झाल्यावर. लावून तीन-चार वर्षंही न झालेल्या कलमाला मात्र हा उपास नको, त्याला बेताचं पाणी चालू ठेवा.

देवासच्या माणसाला हे जड जातं, आणि का ते मी समजू शकतो. नव्वदच्या सुमारास या गावाला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी ती पाण्याची गाडी पाहिली, त्यांना हौद भरलेला असताना झाड कोरडं ठेवणं निष्ठुरपणाचं वाटतं. पुढे २००६पासून जिल्ह्यात शेततळी खणली गेली, शेतकऱ्यांनी पावसाचं पाणी साठवलं. पण पाणी साठवणं आणि ते योग्य महिन्यात रोखून धरणं ही दोन्ही एकाच शहाणपणाची कामं आहेत.

आता आपली काळी माती. ही वाळली की भेगाळते. भेगांमधून खालची ओल उडून जाते आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून पाणी तोडा, पण माती उघडी टाकू नका. वरवर खुरपून भेगा बुजवा आणि सोयाबीनचं भुसकट किंवा गळलेला पाला पसरा. पाला जाळू नका, हे मी हात जोडून सांगतो. आच्छादन बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी लागते.

लिंबालाही असाच पाण्याचा ताण हवा. हलक्या जमिनीत महिनाभरात पानं मलूल होतात, भारी जमिनीत त्याहून बरंच थांबावं लागतं.

पेरू, ज्याला आपण इथे जाम म्हणतो, तो आता पिकतो. पडलेला किडका जाम झाडाखाली राहू देऊ नका, त्यातल्या अळ्या मातीत उतरतात आणि फळमाशी होऊन परत येतात. रोज सकाळी वेचून खोल पुरा. सीताफळाचं काम त्याहून सोपं. मांडूच्या रस्त्यावर टोपल्या दिसू लागल्या की आपल्याही झाडाकडे पाहायचं, फळाचे डोळे उघडून मधल्या रेषा पिवळसर झाल्या की ते उतरवायचं. काळी पडून वाळलेली फळं फांदीवर ठेवू नका, रोग त्यांतच वस्तीला राहतो.

खोडाला बोर्डो पेस्ट लावायचेही हेच दिवस. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, प्रत्येकी अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करा. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घ्या, लोखंडाचं नको. मिश्रणात सुरी बुडवून पाहा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. आधी वाळक्या फांद्या काढा, मग जमिनीपासून दोन-अडीच फूट लेप द्या. आंब्यावर पिठ्या ढेकूण येत असेल, तर मार्गशीर्ष सरताना खोडाभोवती वीतभर रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. पिल्लं मातीतूनच वर चढतात.

राहिली पपई, सगळ्यांत नाजूक. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि संध्याकाळीच हाडं गारठली, तर त्या रात्री दव गोठायची भीती असते. थंड हवा जड, ती परसातल्या सखल कोपऱ्यात साचते, म्हणून पपई तिथे लावूच नये. लहान रोपांना गवताची झोपडी करा, आग्नेयेकडून उघडी, म्हणजे सकाळचं ऊन आत जाईल. अशा संध्याकाळी पपईला मात्र पाणी द्या, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते. फक्त ते पाणी वाहत आंब्याच्या आळ्यात जाणार नाही, एवढं आज घरी गेल्यावर पाट पाहून ठरवा.