एआयने सुचवलेला कोड: आधी तपासा, मग वापरा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ड्रोन आणि यंत्रमानवांवर संशोधन झालं आहे. अशी यंत्रं कोडवर चालतात. कोणती ओळ कोणी, कधी बदलली, याची नोंद 2005 मध्ये आलेलं 'गिट' हे सॉफ्टवेअर ठेवतं. 2008 पासून 'गिटहब' या संकेतस्थळावर कोड लिहिण्याचं काम अनेकजण मिळून करतात. 2021 मध्ये तिथे 'कोपायलट' हा एआय मदतनीस आला. तो झटपट कोड सुचवतो, पण चुकूही शकतो. ड्रोनच्या फवारणीच्या हिशेबात मिलिलिटरऐवजी लिटर धरलं गेलं, तर पिकाचं नुकसान ठरलेलंच! म्हणून सुचवलेला कोड गिटच्या वेगळ्या शाखेत, म्हणजे स्वतंत्र प्रतीत ठेवा, चाचणी घ्या, सहकाऱ्याकडून तपासून घ्या आणि मगच मुख्य कोडमध्ये मिसळा. विद्यार्थी मित्रांनो, गिट मोफत आहे. आजच शिकायला लागा.