चित्रकलेला जाणाऱ्या मुलांसाठी



महाड-पोलादपूरकडच्या बऱ्याच घरांत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या ‘ए’ ग्रेडचा एकच उपयोग ठाऊक असतो: दहावीला ७ वाढीव गुण. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासूनचं. पण तिथे शिकून पुढे काय, हे सांगणारं जवळ कोणी नसतं. माझ्या कामात कोड मी लिहिते. ॲपमध्ये बटण कुठे, अक्षर केवढं, हे डिझायनर ठरवतात. म्हणजे पोटापाण्याची वाट आहे.

प्रवेशानंतर बीएफएची चार वर्षं असतात. पेंटिंग की उपयोजित कला? पोर्टफोलिओत काय ठेवायचं? एका कामाला कमी गुण पडले म्हणजे हातच वाईट का? सल्ला द्यायला कॉलेजात शिक्षक असतात, पण त्यांच्याकडे आपणहून जायचं धाडस गावाकडच्या नवख्या मुलाला होत नाही. ते गप्प राहतं आणि मागे पडतं.

त्याला विचारायला शिकवणं आपल्याला जमेल. त्यासाठी चित्रकार असावं लागत नाही. महिन्याला एक फोन: “सरांना भेटलास का? काय विचारलंस?” निवड मात्र त्याची त्यालाच करू द्यायची.

आपल्या शाळेतून यंदा जे मूल जाईल, त्याला मी फोन करीन. पुढच्या वर्षीच्या मुलाला कोण करणार?