चुका शोधू देणारा वर्ग



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. आज शेजारी हिंजवडीस सॉफ्टवेअर घडते. कारखान्यातला उमेदवार कानस हाती घेऊनच शिकतो. आम्ही मात्र वर्गात केवळ बोलत राहिलो.

आमची पुतणी आकुर्डीस अभियांत्रिकी शिकते. तिच्या वर्गात एक गट खाणावळीच्या हिशेबाची मागणी लिहितो, दुसरा तीवरून प्रोग्रॅम रचतो, तिसरा त्यातील चुका शोधतो. एकदा मागणीत उधारीचा उल्लेख राहून गेला; साहजिकच प्रोग्रॅममध्येही उधारी नव्हती! मागणी नेमकी लिहावी, हे मुलांना व्याख्यानावाचून उमगले.

आम्ही आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या चुका तांबड्या शाईने दाखविल्या. त्यांना त्या शोधू दिल्या नाहीत, याची खंत वाटते. मंडळाने सुट्टीत ज्ञातीतील मुलांना असे एकत्र बसवावे, ही नम्र विनंती.