सीडींतील गाणें आणि त्याचें नांव



१९०२ सालच्या नोव्हेंबरांत गोहरजान या विख्यात गायिकेनें कलकत्त्यास ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यापुढें गाणें म्हटलें, आणि जेमतेम तीन मिनिटांचें तें गाणें संपतांच इंग्रजींत ठासून आपलें नांव सांगितलें. पुष्कळांना ती गायिकेची ऐट वाटते. खरें पाहतां त्यांत व्यवहार होता. मुद्रणाचे मूळ ठसे जर्मनींत हॅनोव्हरला जात. कोणतें गाणें कोणाचें हें तेथील कारागिरांना कळावें, म्हणून नांव आवाजांतच गुंफलेलें असे.

पुढें ऐंशीं वर्षांनीं, १९८२ सालीं, जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क, म्हणजे सर्वांच्या परिचयाची सीडी, विक्रीस आली. आवाज स्वच्छ झाला, पण नांव तबकडींतून निघून गेलें. कोणतें गाणें कोठें सुरू होतें आणि किती वेळ चालतें, एवढेंच बहुतेक सीडींत नोंदलेलें असतें. नांवें तबकडींतच घालण्याची सोय मागाहून निघाली, परंतु ती फारशी वापरली गेली नाहीं. राग, ताल, गायक, साथीदार हें सारें राहिलें तें सोबतच्या कागदी पुस्तिकेंत.

ज्या कुटुंबांनीं वीस-पंचवीस वर्षें हौसेनें दोन-तीनशें सीडी जमविल्या, त्यांना आज निराळीच अडचण आहे. नव्या संगणकांत सीडी घालण्याची जागाच उरली नाहीं. ती वेगळी विकत घेऊन बाहेरून जोडावी लागते. मग घरांतील एखादा तरुण दोन रात्रींत सर्व संग्रह संगणकांत उतरवून देतो, आणि वडील मंडळी उघडून पाहतात तों 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा अडीच हजार अनाम फाइली! भीमसेन जोशी कोठें आणि मल्लिकार्जुन मन्सूर कोठें, पत्ता नाहीं. असा संग्रह असून नसल्यासारखा होय.

वास्तविक हें काम अवघड नाहीं. सीडीवर आवाज अंकरूपानें लिहिलेला असतो. दर सेकंदास ४४,१०० नोंदी, त्याही डाव्या व उजव्या बाजूच्या वेगवेगळ्या. तेव्हां फाइल करणें म्हणजे पुन्हा ध्वनिमुद्रण करणें नव्हे. पोथी नकलून घेण्यासारखें तें आहे. नकलेंत चुका होतात त्या ओरखड्यांमुळें. सीडी वाजविणारें यंत्र न वाचलेली नोंद मागच्या-पुढच्या नोंदींवरून अंदाजानें भरून काढतें, आणि ऐकणाऱ्यास तें कळतही नाहीं. नकलेंत मात्र असा अंदाज कायमचा शिरतां कामा नये. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी'सारखी आज्ञावली शंकास्पद जागा पुनःपुन्हा वाचते, आणि त्याच सीडीच्या इतरांनीं केलेल्या नकलांशीं आपली नक्कल ताडून पाहते. जुने शास्त्री पाठभेद पाहत, तोच हा प्रकार.

फाइल कोणत्या प्रकारची करावी याविषयीं वाद घालण्याचें आतां कारण उरलेलें नाहीं. एमपीथ्री निघाली तेव्हां जागा महाग होती, म्हणून कानास चुकणार नाहीं असें समजून आवाजाचा कांहीं भाग ती गाळून टाकते. फार आवळलेल्या एमपीथ्रींत तानपुऱ्याची जवारी बोथट होते आणि तबल्याच्या कडक थापेच्या किंचित् अगोदर अस्पष्ट खरखर उमटते. शिवाय विलंबित व द्रुत हे सीडीवर दोन स्वतंत्र भाग असले, तर त्यांच्या सांध्यावर तानपुरा क्षणभर तुटतो. ख्याल ऐकणाऱ्यास हें कसें सोसावें? २००१ पासून उपलब्ध असलेली फ्लॅक ही पद्धति कांहींच गाळीत नाहीं, तरी जागा साधारण निम्मीच घेते. तीनशें सीडी शंभर-सव्वाशें गीगाबाइटांत मावतात. एवढी जागा आतां खिशांतल्या वस्तूंत असते.

आरंभ कोठून करावा? दुकानांतून आणलेल्या सीडींपासून नव्हे. घरच्या बैठकीची, आजोबांच्या कीर्तनाची, मुलीच्या पहिल्या गाण्याची जी सीडी कोणीं घरीं भरली, ती अगोदर घ्यावी. तिच्यांतील नोंद रंगद्रव्याच्या थरांत असते आणि उजेडानें व उष्णतेनें तो थर बिघडतो. छापील सीडी अधिक टिकाऊ खरी. तथापि इंग्लंडांत ब्लॅकबर्न येथें १९८८ ते १९९३ या काळांत तयार झालेल्या कित्येक सीडी तांबूस पडून निकामी झाल्या, हेंही ध्यानांत ठेवावें. चकचकीत बाजू जपणारे लोक नांवाची बाजू बेफिकीरपणें घासतात. वस्तुतः त्याच बाजूस धातूचा थर पृष्ठभागाच्या अगदीं लगत असतो.

सर्वांत अधिक वेळ द्यावयाचा तो नांवांना. संगणक महाजालावरून नांवें आणतो, पण तीं हौशी लोकांनीं भरलेलीं असल्यामुळें यमन एके ठिकाणीं 'इमन' होतो, दुसरीकडे रागाचें नांव रचनाकाराच्या रकान्यांत बसतें, आणि एकच गायक 'पंडित' लावून व न लावून दोन माणसें बनतो. याला उपाय एकच; घरापुरती एक रीत ठरवून ती शेवटपर्यंत पाळणें. पुस्तिकेचीं छायाचित्रें त्याच कप्प्यांत ठेवावींत. आणि ज्या सीडीला पुस्तिकाच नाहीं, ती घरांतील वृद्धांसमोर लावावी. तबला कोणाचा, बैठक कोणाच्या माडीवर झाली, मध्येंच 'वाहवा' म्हणणारा कोण, हें त्यांनाच ठाऊक असतें. संगणकाला रविवार चालतो आणि सोमवारही चालतो. सत्तरी-ऐंशीच्या माणसाच्या स्मरणाची तशी हमी देतां येत नाहीं. गोहरजानबाईंनीं आपलें नांव स्वतः सांगून ठेवलें. घरगुती बैठकींतल्या गायकानें तें सांगितलेलें नसतें.

रोज चार सीडी घेतल्या तर तीनशेंचा संग्रह अडीच महिन्यांत उरकतो. झालेल्या फाइलींच्या दोन प्रती कराव्यात, आणि एक प्रत दुसऱ्या गांवीं, मुलाकडे किंवा बहिणीकडे, ठेवावी. मूळ सीडी रद्दींत देण्याची घाई करूं नये. पुस्तिकेसह उभ्या रचून कपाटांत, उन्हापासून दूर ठेवाव्यात.