प्रतिनिधींना जाब विचारण्याचा आपला हक्क
(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांसमोर दिलेले व्याख्यान)





या व्याख्यानाचा विषय निश्चित करण्यापूर्वी मी तुमच्यापैकी अनेकांशी बोललो. विवाहविधी कसा करावा, मुलांची नावे कशी ठेवावीत, शाळेच्या दाखल्यावर धर्म कोणता लिहावा, असे अनेक प्रश्न तुम्ही मला विचारलेत. परंतु बहुतेक संभाषणांचा शेवट एकाच उद्गाराने झाला. "वकीलसाहेब, मत कोणालाही दिले तरी निवडून आल्यावर आमच्यासाठी कोण बोलतो?" हा उद्गार मी वरवर समजूत घालून बाजूला सारू इच्छित नाही. तुमची निराशा खरी आहे आणि तिला आधारही आहे. तो आधार कोणता, आणि निराश झालेल्या नागरिकाचे पुढचे कर्तव्य कोणते, एवढ्याच दोन गोष्टी मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

प्रथम इतिहास पाहू. राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमान्वये राष्ट्रपतींनी १० ऑगस्ट १९५० रोजी अनुसूचित जातींचा आदेश काढला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म मानणाऱ्या कोणत्याही व्यक्तीस अनुसूचित जातीची समजले जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते. पंजाबातील चार शीख जातींपुरताच त्याला अपवाद होता. सप्टेंबर १९५६ मध्ये संसदेने कायदा करून शीख धर्मीयांनाही हिंदूंच्या बरोबरीने त्या परिच्छेदात स्थान दिले. पुढच्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. शिखांसाठी उघडलेले ते दार बौद्धांसाठी मात्र बंदच राहिले.

किती माणसे त्या दाराबाहेर राहिली? आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ च्या जनगणनेत ती सुमारे २७ लाख ८९ हजार झाली. ही माणसे दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी त्याच वस्तीत राहत होती, त्याच शेतावर मजुरी करत होती, आणि गावाची विहीर त्यांच्यासाठी पूर्वीइतकीच दूर होती. गावाच्या वागणुकीत बदल झाला नव्हता, परंतु सरकारी यादीतून त्यांची नावे गळाली. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतर राज्य सरकारने आपल्या अधिकारकक्षेत बौद्धांना सवलती दिल्या, ही गोष्ट कृतज्ञतेने नमूद केली पाहिजे. परंतु केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि विधिमंडळांतील राखीव जागा राज्याच्या हातात नव्हत्या.

याचा परिणाम नागपूरनेच पाहिला. १९६२ च्या निवडणुकीत तेथील एका राखीव मतदारसंघातून डी. पी. मेश्राम विधानसभेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला असल्यामुळे ते अनुसूचित जातीचे राहिलेले नाहीत, असा आक्षेप घेऊन त्यांच्या निवडणुकीला आव्हान देण्यात आले. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या नावाने तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल १९६५ च्या विधि-अहवालांत छापलेला आहे. आपण अमुक धर्माचे आहोत असे उघडपणे जाहीर करणे म्हणजे तो धर्म मानणे, असा अर्थ न्यायालयाने लावला आणि निर्णय मेश्रामांच्या विरुद्ध गेला. ज्या नगरीत धम्मचक्र फिरले, त्याच नगरीतील प्रतिनिधीची जागा त्या धम्मामुळे गेली. मी न्यायालयाला दोष देत नाही. न्यायालयाने कायद्याचा अर्थ सांगितला. कायदा बदलण्याचे काम संसदेचे होते, आणि संसद मुकी राहिली.

या खटल्यातील एक मुद्दा प्रत्येक बौद्ध कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश होतो असे म्हटले आहे. मग बौद्ध मनुष्य अनुसूचित जातींच्या आदेशासाठी हिंदू का नव्हे? न्यायालयाचे उत्तर असे की, ते स्पष्टीकरण त्या कलमापुरतेच आहे. कायद्याच्या दृष्टीने हे उत्तर बरोबरच आहे. परंतु राज्यकर्त्यांच्या धोरणाकडे सामान्य माणसाच्या नजरेने पाहा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू होतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदाही लागू होतो. तेथे आपण हिंदूंमध्ये गणले जातो. हक्काचा वाटा देण्याची वेळ आली, की मात्र आपण निराळे ठरलो.

ही गोष्ट केवळ जुन्या काळची आहे असे समजू नका. गुजरात विधानसभेने २००६ साली तेथील धर्मस्वातंत्र्य कायद्याला एक दुरुस्ती मंजूर केली. बौद्ध आणि जैन हे हिंदू धर्माचेच पंथ मानावेत, असा तिचा आशय होता. राज्यपालांनी ते विधेयक परत पाठवले आणि पुढे ते मागे घेण्यात आले. त्याच राज्याच्या सरकारने एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक काढले, की बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म आहे आणि हिंदू धर्मातून त्यात प्रवेश करण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागेल. एकदा म्हणायचे, तुम्ही वेगळे नाहीच. नंतर म्हणायचे, तुम्ही वेगळे आहात, म्हणून आमच्या परवानगीशिवाय जाऊ नका. धम्म वेगळा आहे हे आपण आनंदाने मान्य करतो. परंतु सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यासाठी अधिकाऱ्याच्या दारात अर्ज घेऊन का उभे राहावे, हा प्रश्न आपल्या मतांवर निवडून गेलेल्या किती जणांनी सभागृहात विचारला, हे ज्याने त्याने आपल्या मतदारसंघापुरते शोधून पाहावे.

आता हे प्रतिनिधी का बोलत नाहीत, ते पाहू. सगळेच अप्रामाणिक आहेत असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे उत्तर नव्हे. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने प्रांतिक विधिमंडळांतील आपल्या जागा ७१ वरून १४८ झाल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. तेव्हापासून राखीव जागेवरील उमेदवार आपला असला, तरी त्याला निवडून देणारी बहुसंख्य मते इतरांची असतात. २००८ च्या पुनर्रचनेनुसार लोकसभेत अनुसूचित जातींसाठी ८४ जागा राखीव आहेत. त्यांवरील बहुतेक खासदारांना तिकीट मोठे पक्ष देतात. त्यात १९८५ साली घटनेला दहावे परिशिष्ट जोडले गेले. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे आपला प्रतिनिधी एका बाजूने पक्षाला बांधलेला आहे आणि दुसऱ्या बाजूने आपल्याशिवाय इतरांच्या मतांना. त्याला आपल्याशी बांधणारी दोरी आपणच विणली पाहिजे.

ती आपण विणतो काय? क्षमा करा, पण स्पष्ट बोलतो. १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण प्रतिनिधीला व्यासपीठावर बसवतो, हार घालतो, समाजमंदिरासाठी निधी मागतो आणि घरी जातो. त्या व्यासपीठावर त्याला एक तरी प्रश्न विचारतो काय?

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो. एक बौद्ध माता आपल्या मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घालत होती. अर्जात धर्म बौद्ध लिहिला होता, म्हणून तो परत करण्यात आला. तिने लोकप्रतिनिधीला गाठले. "बघतो," असे उत्तर मिळाले. दाखला हाती पडला तेव्हा प्रवेशाची मुदत संपून गेली होती. मुलाचे वर्ष वाया गेले. मी त्या माउलीला विचारले, "अर्ज परत करताना कारण लेखी मागितले होते का? प्रतिनिधीला पत्र दिले होते का?" ती म्हणाली, "साहेब, तोंडी सांगितले होते." तिच्यावर झालेला अन्याय खरा होता, पण त्याची नोंद कोठेही नव्हती. मी न्यायालयात उभा राहणारा मनुष्य आहे. ज्या तक्रारीचा कागद नाही, ती पुढे रेटणे किती कठीण असते, हे मी रोज पाहतो.

बाबासाहेबांचे उदाहरण आठवा. मंत्रिमंडळाच्या कारभाराविषयी त्यांच्याइतका निराश झालेला मंत्री विरळा. हिंदू संहिता विधेयकाची झालेली परवड, अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष आणि परराष्ट्र धोरण यांमुळे त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. परंतु ते मुकाट्याने बाहेर पडले नाहीत. त्यांनी प्रत्येक कारण मुद्देसूद लिहून काढले. ते निवेदन सभागृहात ठरल्या वेळी करू दिले नाही, तेव्हा त्यांनी ते वृत्तपत्रांच्या हाती दिले. म्हणूनच आज सत्तरांहून अधिक वर्षांनंतरही आपण ती कारणे वाचू शकतो. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झाला, १९५४ साली भंडाऱ्यातही झाला. तरीही मतपेटीवर बहिष्कार घाला, असे त्यांनी आपल्याला शिकवले नाही.

त्यांच्या पश्चात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह केला. भूमिहीनांना जमीन, बौद्धांना सवलती आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र या मागण्या लेखी स्वरूपात पंतप्रधानांपुढे ठेवलेल्या होत्या. आपल्या आजोबा-आजींनी त्यासाठी तुरुंगवास सोसला. यांपैकी दोन मागण्या १९९० साली पूर्ण झाल्या. विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान आणि रामविलास पासवान कल्याणमंत्री असताना तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्ध हा शब्द घालण्यात आला, आणि त्याच वर्षी तैलचित्र संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात लागले. दीक्षेच्या वर्षी जन्मलेले मूल तोपर्यंत ३४ वर्षांचे झाले होते. सरकारी नोकरीत शिरण्याचे त्याचे वय बहुधा निघून गेले होते. या विलंबाची भरपाई कोणी केली नाही. परंतु मागणी कागदावर होती आणि तिच्यामागे माणसे उभी होती, म्हणून ती विसरली गेली नाही.

तेव्हा, निराश झालेल्या नागरिकांनो, मी तुम्हाला चार गोष्टी सांगतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि पोच घेतल्याशिवाय कचेरी सोडू नका. उत्तर मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. तुमच्या आमदाराने व खासदाराने वर्षभरात सभागृहात कोणते प्रश्न विचारले, हे सभागृहाच्या कामकाजात छापलेले असते. वस्तीतील शिकलेल्या मुलामुलींना ते विहारात वाचून दाखवायला सांगा. आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाकडून, मग तो आपल्या समाजाचा असो वा नसो, तुमच्या मागण्यांवर लेखी उत्तर घ्या.

येथे एक शंका निघेल. जात टाकली म्हणून आपण दीक्षा घेतली, मग दाखल्यावर पूर्वाश्रमीची जात का लिहायची? अनेकांच्या मनाला हे लागते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु आदेशाच्या यादीत जातींची नावे आहेत, धर्माची नाहीत. मारहाण झालेला मनुष्य जखमेचा दाखला घेतो तो जखमेचा अभिमान म्हणून नव्हे, तर पुरावा म्हणून. धर्माच्या रकान्यात निर्भयपणे बौद्ध लिहा, आणि जेथे विचारले जाईल तेथे पूर्वाश्रमीची जात पुरावा म्हणून नोंदवा. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद करण्याचे सरकारने २०२५ साली जाहीर केले आहे, तेथेही हे ध्यानात ठेवा. घरात आजोबांचा जुना शाळेचा दाखला असेल तर तो जपून ठेवा. १० ऑगस्ट १९५० ही तारीख अजूनही आपला पाठलाग करते.

आणखी एक गोष्ट. १९९० च्या दुरुस्तीने आपण आत आलो, पण ख्रिस्ती व मुस्लिम झालेले आपले पूर्वीचे सोबती बाहेरच राहिले. ३४ वर्षे बंद दाराबाहेर उभे राहिलेल्यांनी आत येताच दार लावून घेणे तथागतांच्या करुणेला शोभणारे नाही.

राखीव जागांची सध्याची घटनात्मक मुदत जानेवारी २०३० पर्यंत आहे. त्यापूर्वी तुमच्या दारात अनेक जण मते मागायला येतील. त्यांना चहा जरूर द्या. पण मागण्यांचा कागदही त्यांच्यापुढे ठेवा, आणि त्यावर त्यांची सही घेतल्याशिवाय त्यांना उठू देऊ नका.

जयभीम! जय भारत!